पंख्यावर नाव कुणाचं?

(दौलताबाद येथे महिला गटांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

सकाळपासून आपण ‘बाई आणि काम’ या विषयावर बोलतो आहोत. शेतमजुरीवर बोललो, अंगणवाडीवर बोललो, घरकामाच्या न मोजल्या जाणाऱ्या तासांवर बोललो. आता संयोजकांनी मला सांगितलंय की तू यंत्रावर बोल. मी फिटर आहे. एका प्रशिक्षण कार्यशाळेत शिकाऊ उमेदवारांना शिकवते. गेल्या दीड वर्षात आमच्याकडच्या बारा उमेदवारांनी, त्यात चार मुली, एका जुन्या विमानाचं इंजिन आणि त्याचा लाकडी पंखा यांचं जतन केलं. त्या कामाबद्दल मी बोलणार आहे.

तुमच्यापैकी काहींच्या मनात आलंच असेल, की आमच्याकडे बायका अजून हंड्यासाठी रांगेत उभ्या राहतात आणि ही बाई विमानाचं काय सांगते? विमानाचा आणि आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. म्हणून आधी तो सांगते, मग इंजिनाकडे येते.

ह्या खिडकीतून देवगिरीचा किल्ला दिसतो. आपल्यापैकी बहुतेकींनी तो पाहिलाय. वरची मेंढा तोफ पाहिलीय. तिच्यावर औरंगजेबाचं नाव कोरलेलं आहे. ती तोफ कुणी ओतली, ती डोंगरावर चढवताना कुणाचे हात सोलले, कातळ फोडून खंदक कुणी खोदला, दगडाच्या पाट्या कुणी वाहिल्या, त्यांची नावं कुणी कोरली? मजुरांची नावं राहत नाहीत, आणि मजुरांमधल्या बायांची तर मुळीच राहत नाहीत. हे आपल्याला नवीन नाही. पण हीच गोष्ट विमानापर्यंत कशी पोचली ते ऐका.

१९१८ साल. पहिलं महायुद्ध शेवटाला आलेलं. आपला हा सगळा भाग तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, सप्टेंबर १९४८ पर्यंत तो तिथेच राहिला. निजाम मीर उस्मान अली खान यांनी इंग्रजांच्या हवाई दलाला विमानं भेट दिली. ‘डी. एच. नाइन ए’ जातीची ती बॉम्बफेकी विमानं होती. ज्या तुकडीला ती मिळाली त्या ११० क्रमांकाच्या तुकडीचं नावच ‘हैदराबाद स्क्वॉड्रन’ पडलं. प्रत्येक विमानावर निजामांनी भेट दिल्याचं रंगवलेलं होतं. म्हणजे पुन्हा नाव आलंच. आता निजामांच्या तिजोरीत पैसा कुठून येत होता? शेतसाऱ्यातून. आणि मराठवाड्याच्या शेतात खुरपणारी, वेचणी करणारी, मळणीला उभी राहणारी कोण होती, ते मी तुम्हाला सांगायला नको. त्या विमानांत आपल्या पणज्यांच्या घामाचा वाटा होता. त्यांना ते कधी कळलंही नसेल.

त्यांपैकी एक विमान आजही आहे. ऑक्टोबर १९१८ मध्ये ते जर्मन हद्दीत उतरावं लागलं, आतले दोघेही पकडले गेले. विमान बर्लिनच्या संग्रहालयात ठेवलं गेलं, दुसऱ्या महायुद्धात पोलंडमध्ये हलवलं गेलं, आणि १९७७ मध्ये एका दुसऱ्या जुन्या विमानाच्या बदल्यात इंग्लंडला परत आलं. पंख उरलेच नव्हते, ते नव्याने बांधावे लागले. ते आता लंडनच्या हवाई दल संग्रहालयाच्या संग्रहात आहे. त्याचं इंजिन ‘लिबर्टी’ नावाचं, बारा सिलिंडरचं, सुमारे चारशे अश्वशक्तीचं. त्याच्या अंगावर निजामांचं नाव आहे.

पण त्या विमानाचे मूळचे पंख शिवले कुणी? त्या काळी विमान म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेलं लिननचं कापड. युद्धाच्या वर्षांत इंग्लंडच्या कारखान्यांत हे शिवण्याचं काम मोठ्या प्रमाणावर बायकांनी केलं. कापड शिवून झालं की ते ताठ व्हावं म्हणून त्यावर एक प्रकारचं रोगण लावत. त्याला ‘डोप’ म्हणत. सुरुवातीच्या डोपमध्ये टेट्राक्लोरोइथेन नावाचं विषारी द्रावक होतं. बंद खोलीत त्याची वाफ नाकात जायची. कावीळ व्हायची, यकृत निकामी व्हायचं. १९१४ पासून कामगारांचे मृत्यू होऊ लागले, त्यात बायका होत्या. खूप ओरड झाल्यावर १९१६ मध्ये या विषबाधेची सरकारकडे नोंद करणं सक्तीचं झालं आणि पुढे ते द्रावक मागे पडलं. म्हणजे द्रावक बदलायला आधी बायकांना मरावं लागलं.

आणि युद्ध संपल्यावर काय? १९१९ मध्ये इंग्लंडच्या संसदेने कायदा केला, की युद्धाआधीची कारखान्यांतली रीत परत आणायची. त्याचा सरळ अर्थ असा, की लेथवर, बेंचवर, जोडणीवर तयार झालेल्या बायांनी आता घरी जावं, परत आलेल्या पुरुषांना जागा मोकळी करून द्यावी. काम येतं की नाही हा प्रश्नच नव्हता. त्याच वर्षी तिथल्या स्त्रियांनी स्त्री अभियंत्यांची संघटना काढली. हाकललं त्याच वर्षी संघटना निघाली, हे आपण लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता आपल्याकडे या. १९४७ मध्ये हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने प्रेम माथूर या बाईंना वैमानिक म्हणून नोकरी दिली. भारतातल्या व्यापारी विमानसेवेतली ती पहिली बाई. त्याआधी अनेक कंपन्यांनी त्यांना बाई आहे म्हणून परत पाठवलं होतं. म्हणजे ज्या संस्थानात आपण होतो, त्याच संस्थानाच्या विमान कंपनीने हे पाऊल टाकलं, याचं कौतुक करूच. पण नोकरी मिळाली ती सह-वैमानिकाची, आणि मुख्य वैमानिकाच्या खुर्चीसाठी त्यांना तिथे ताटकळतच राहावं लागलं. आत घेतलं, पण सुकाणू हातात दिलं नाही. हे वाक्य जरा मनात ठेवा. आमच्या इंजिनाच्या कामात मला ते पदोपदी आठवत होतं.

तर आमचं इंजिन. ‘जिप्सी मेजर’ नावाचं. १९३० च्या दशकातलं हे इंजिन. ‘टायगर मॉथ’ नावाची दोन पंखी शिकाऊ विमानं त्यावर उडायची, आपल्या हवाई दलात आणि फ्लाइंग क्लबांत कित्येक वैमानिक त्यांवर शिकले. चार सिलिंडर, एका रांगेत, आणि उलटे. म्हणजे मोटारीत सिलिंडर वर आणि क्रँकशाफ्ट खाली असतो, इथे क्रँकशाफ्ट वर आणि सिलिंडर खाली लोंबतात. त्यामुळे वैमानिकाला समोरचं नीट दिसतं आणि पंखा जमिनीपासून उंच राहतो. पाणी नाही, हवेनेच थंड होतं, म्हणून सिलिंडरला पातळ पातळ पाती असतात. शक्ती १३० अश्वशक्ती. सिलिंडरला दोन-दोन प्लग आणि दोन स्वतंत्र मॅग्नेटो, एक बंद पडला तरी दुसऱ्यावर चालावं म्हणून.

एक गोष्ट स्पष्ट करते. हे इंजिन पुन्हा उडणार नाही. उडवायचं तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आहेत, परवानाधारक अभियंत्याची सही लागते. आमचं काम तेवढं मोठं नव्हतं. गंजून पडलेलं इंजिन उघडायचं, भाग ओळखायचे, मोजायचे, साफ करायचे, गंज थांबवायचा, परत जोडायचं आणि पुढच्या मुलांना शिकण्यासाठी ठेवायचं. म्हणून ‘मुलींनी विमान दुरुस्त केलं’ अशी बातमी मला नको आहे. जे केलं तेच सांगू. तेही कमी नाही.

काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी वाटणी झाली. मुख्य निदेशकांनी सांगितलं, मुलींचं अक्षर चांगलं असतं, त्यांनी नोंदी ठेवाव्यात आणि भाग धुवावेत. मुलांनी पाने घ्यावेत. कुणी रागावून बोललं नाही, कुणी अपमान केला नाही. अगदी आपुलकीने, ‘पोरींचे हात काळे कशाला करायचे’ म्हणून. घरात मुलगी भांडी घासते आणि मुलगा सायकल उघडून बसतो, तीच वाटणी कार्यशाळेत आली. नोंदी करणं हे हलकं काम नाही, ते मी पुढे सांगणारच आहे. पण चार मुलींनीच ते करायचं आणि आठ मुलांनीच पाने धरायचे, हे शिक्षण नव्हे.

मी म्हटलं, पाळ्या लावू. तीन-तीन जणांच्या चार तुकड्या, प्रत्येक तुकडीत एक मुलगी, आणि दर आठवड्याला काम बदलायचं. उघडणं, मोजणं, साफसफाई, नोंदी. तक्ता भिंतीवर लावला. लगेच हरकत आली, इंजिन जड आहे. मैत्रिणींनो, हे इंजिन तीनशे पौंडांच्या आसपास आहे. ते पुरुषही हाताने उचलत नाही. ते चेन पुलीने उचलतात. चेन ओढायला लागतो तो जोर विहिरीचा पोहरा ओढण्याहून जास्त नाही. ‘जड काम’ हा शब्द आपल्याकडे फार सोयीने वापरतात. डोक्यावर दोन हंडे आणि कडेवर पोर, हे जड नसतं. ज्या कामाला पगार जास्त, ते जड असतं.

आता प्रत्यक्ष काम कसं झालं ते सांगते, कारण त्यात आपल्या संघटनांनाही शिकण्यासारखं आहे.

पहिला नियम, काहीही सोडवण्याआधी लिहायचं. प्रत्येक भागाचा फोटो, प्रत्येक नटाला चिठ्ठी, कुठून काढला, कुठल्या बाजूने होता. जुन्या यंत्राचं जतन करताना सगळ्यात मोठं नुकसान गंजाने होत नाही, घाईने होतं. एकदा भाग मिसळले की खरं काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही.

दुसरा नियम, जबरदस्ती नाही. एका सिलिंडरमध्ये पिस्टन गंजून अडकला होता. मुलांचा पहिला विचार हातोडीचा. पण सिलिंडरची पाती ओतीव लोखंडाची, एक फटका चुकला तर तुटतात आणि मग ती मिळत नाहीत. आम्ही गंज सोडवणारं तेल टाकलं आणि थांबलो. रोज थोडं तेल, रोज क्रँकशाफ्टला हाताने अगदी थोडा पीळ. सतरा दिवस काही हललं नाही. अठराव्या दिवशी एका मुलीच्या पाळीला तो केसभर हलला. केसभर म्हणजे डायल गेजवर दिसेल इतकाच. पण त्या दिवशी बाराही जणांनी चहा पाजला एकमेकांना.

तिसरा नियम, मोजल्याशिवाय बोलायचं नाही. सिलिंडर आतून किती झिजलाय हे डोळ्यांना कळत नाही. वर, मध्ये, खाली, आणि आडवं-उभं असं बोअर गेजने मोजायचं, सगळं लिहायचं. एका मुलाची आणि एका मुलीची मापं जुळेनात. दोघांनीही परत मोजलं. मुलीची बरोबर निघाली. तो मुलगा मला म्हणाला, ‘मॅडम, ती तीनदा मोजते.’ मी म्हटलं, तिला माहीत आहे की तिचं एकदा चुकलं तर सगळ्या मुलींचं चुकलं असं म्हणतील. तू चुकलास तर फक्त तू चुकतोस. तो गप्प झाला. त्या दिवसापासून तोही तीनदा मोजायला लागला, हेही सांगायला हवं.

चौथा नियम जिवाचा. जुन्या यंत्रात विष असतं. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ते कोरडं खरवडलं तर त्याची धूळ फुप्फुसात जाते. म्हणून ते भाग आम्ही खरवडले नाहीत, ओले करून, पिशवीत बंद करून वेगळे ठेवले. इंजिनासोबत तेलाच्या दाबाचं एक जुनं घड्याळ आलं होतं. त्याचे आकडे अंधारात दिसावेत म्हणून त्या काळी रेडियमचा रंग लावत. रंगाची चमक जाते, पण रेडियम शेकडो वर्षं राहतं. ते घड्याळ उघडायचं नाही, घासायचं नाही, असं मी बजावलं, आणि ते माहीतगार लोकांच्या ताब्यात जाईपर्यंत बंद डब्यात राहिलं.

त्या निमित्ताने मी मुलामुलींना अमेरिकेतल्या पोरींची हकीकत सांगितली. १९१७ च्या सुमारास न्यू जर्सीत कारखाना होता. घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचे आकडे रंगवायला तरुण मुली ठेवल्या होत्या. ब्रशाला टोक यावं म्हणून तो ओठात धरून ओला करायला त्यांना शिकवलं होतं. काही वर्षांत त्यांचे जबडे सडले, हाडं मोडली, कित्येक जणी गेल्या. कंपनी म्हणत होती, रेडियमने काही होत नाही. पाच जणींनी खटला भरला, तोवर त्यांना धड उभंही राहता येत नव्हतं. १९२८ मध्ये तडजोड झाली, भरपाई मिळाली. आज कामाच्या जागी किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे जे नियम आहेत, त्यांची एक मुळी त्या मुलींच्या लढ्यात आहे. म्हणून यंत्राकडे बघताना नुसतं ‘वा, काय कारागिरी’ म्हणून चालत नाही. कुणाच्या अंगावर बेतून ती झाली, हेही विचारावं लागतं.

आता पंखा. लाकडी. एका ओंडक्याचा नसतो, फळ्यांचे थर सरसाने चिकटवून, मग तासून त्याला पीळ देतात. कडेला पितळेचा पत्रा रिव्हेट केलेला असतो, खडे आणि पाऊस लागून लाकूड झिजू नये म्हणून. टोकाच्या पत्र्याला बारीक भोकं असतात. मुलांना वाटलं ती गंजाने पडली, बुजवायला निघाले. ती मुद्दाम ठेवलेली असतात, आत शिरलेला ओलावा फिरताना बाहेर फेकला जावा म्हणून. म्हणजे भोकसुद्धा बुजवण्याआधी विचारायचं, हे इथे का आहे?

पंख्याचा तोल बघायची पद्धत अगदी साधी आहे. मधल्या भोकातून दांडा घालायचा, तो दोन धारदार सपाट पट्ट्यांवर ठेवायचा, आणि पंखा आडवा करून सोडून द्यायचा. जे पातं जड ते खाली जातं. मग उभा करून बघायचा. फरक थोडा असेल तर हलक्या पात्यावर रोगणाचा एखादा हात जास्त देतात. जड पातं कापत नाहीत. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपण समानतेचं बोललो की लोक म्हणतात, ‘म्हणजे तुम्हाला पुरुषांना खाली खेचायचंय.’ नाही बाबांनो, एका पात्यावर वर्षानुवर्षं रोगणच चढवलं नाही, एवढंच आमचं म्हणणं आहे.

आमच्या चार जणींपैकी एक वेरूळच्या बाजूच्या एका खेड्यातून यायची. बस चुकली की दिवस बुडाला, विद्यावेतन कापलं. दुसरीचं विद्यावेतन भावाच्या खात्यात जायचं. तिला आम्ही स्वतःचं खातं काढायला लावलं, घरी आठ दिवस अबोला झाला. आणि चौघींची मिळून एक अडचण. मुलींसाठी स्वच्छतागृह होतं, पण ते कार्यालयाच्या इमारतीत आणि कुलूपबंद. किल्ली मागायला जायची लाज म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नसत. उन्हाळ्यात, पत्र्याखाली, तेलाच्या वासात. यंत्रकामात मुली टिकत नाहीत याची कारणं लोक फार लांब शोधतात. त्यातलं एक कारण त्या किल्लीच्या जुडग्यात होतं. चौघींनी अर्ज दिला, मी सही केली, तेव्हा कुलूप निघालं.

आता मुख्य गोष्ट. काम पूर्ण झालं. इंजिन स्टँडवर बसलं, पंखा लागला. त्यापुढे पितळी पाटी आली. पाटीवर इंजिन देणाऱ्यांचं नाव, प्रमुख पाहुण्यांचं नाव, कार्यशाळेच्या प्रमुखांचं नाव. बारा जणांपैकी एकाचंही नाही. मला मेंढा तोफ आठवली आणि निजामांची विमानं आठवली.

पाटी तरी मानाची गोष्ट. खरी मेख पुढे होती. उमेदवारी संपताना प्रत्येकाला अनुभवाचं पत्र मिळालं. मुलांच्या पत्रात लिहिलं होतं, ‘इंजिन उघडणे, मोजमाप व जुळणी’. मुलींच्या पत्रात, ‘नोंदी व स्वच्छता’. पत्रं जुन्या वाटणीवरून टाइप झाली होती, पाळ्यांचा तक्ता कुणी बघितलाच नव्हता. मैत्रिणींनो, वाळूजला किंवा चिकलठाण्याला नोकरी मागायला गेलं की ते पत्रच बघतात. जुळणीच्या पत्रावर बेंचची नोकरी मिळते, स्वच्छतेच्या पत्रावर पॅकिंगची.

आणि इथे आमची वही कामाला आली. रोज कोणी कुठला भाग उघडला, कुणी मोजला, माप काय आलं, खाली सही. दीड वर्षाची. ‘अक्षर चांगलं’ म्हणून ज्यांना बाजूला बसवायला निघाले होते, त्यांनीच ती वही लावून धरली होती. चौघींनी अर्ज लिहिला, सोबत वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या. आणि आठही मुलांनी त्यावर सह्या केल्या. तीनदा मोजायला लागलेल्या मुलाने पहिली केली. पत्रं बदलून मिळाली. पाटी बदलली नाही, पण खाली काचेत बारा जणांच्या नावांचा कागद लागला. पितळेऐवजी कागद, तरी लागला.

पुढे काय झालं तेही प्रामाणिकपणे सांगते. चौघींपैकी दोघी आज बेंचवर काम करतात. तिसरीला एका कारखान्यात मुलाखतीत सांगितलं, काम येतं तुला, पण आमच्याकडे रात्रपाळी आहे. ती अजून शोधते आहे. चौथीचं लग्न झालं, सासरी नोकरीला नाही म्हणतात. पत्र तिच्या पेटीत आहे. हा हिशोब पुरा नाही, मला माहीत आहे.

कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात उमेदवार हा ‘कामगार’ नाही, प्रशिक्षणार्थी आहे. त्यामुळे बरेचसे कामगार कायदे त्याला लागत नाहीत, आणि मालक त्याचा फायदा घेतात. पण २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा उमेदवार मुलीलाही लागू आहे. त्यात ‘कर्मचारी’ या शब्दात शिकाऊ उमेदवार स्पष्ट लिहिलाय. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. हे आपल्या गटातल्या प्रत्येक मुलीला माहीत हवं.

१९४८ च्या कारखाना कायद्यात एक कलम होतं. चालू यंत्राची साफसफाई, तेलपाणी, जुळवाजुळव स्त्रीला आणि अल्पवयीन मुलाला करू द्यायची नाही. धोका खरा आहे, मी नाकारत नाही. पण चालू पट्ट्यात पुरुषाचा हात सापडला तर तो कमी तुटतो का? यंत्राला सगळ्यांसाठी जाळी लावा म्हणायच्या ऐवजी बाईला दूर ठेवणं स्वस्त पडलं. आणि प्रौढ बाईला पोरांच्या रांगेत बसवलं. रात्रपाळीचंही तसंच. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत, त्यांत बाईची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था असेल तर रात्रपाळी करता येते. कागदावर दार उघडलं. पण रात्री अकराला दौलताबादच्या फाट्यावर उतरणाऱ्या मुलीच्या गाडीचं काय? संमती तिची घ्यायची आणि गाडी कुणी द्यायची, यावर आपल्याला लक्ष ठेवावं लागेल. नाहीतर ‘तिनेच नाही म्हटलं’ असं लिहून मोकळे होतील.

शेवटी एक आठवण करून देते, माझी नाही, इतिहासातली. १९३० मध्ये एमी जॉन्सन ही इंग्लंडची मुलगी एकटी विमान घेऊन ऑस्ट्रेलियाला निघाली. वाटेत आपल्या झाशीलाही उतरली होती. लोक तिला वैमानिक म्हणून ओळखतात. पण त्याआधी, १९२९ मध्ये, तिने विमान दुरुस्तीचा परवाना मिळवला होता, आणि इंग्लंडमध्ये तो मिळवणारी ती पहिली बाई. रंगूनजवळ तिचं विमान खड्ड्यात गेलं, पंखा मोडला. तिथल्या तंत्रशाळेच्या लोकांनी दुरुस्तीला मदत केली, जादा पंखा तिने विमानाला बांधून सोबतच आणला होता. तिला यंत्र उघडता येत होतं म्हणून तिचं उडणं पुढे चालू राहिलं. आपल्या मुलींच्या बाबतीतही माझं एवढंच म्हणणं आहे. त्यांना नुसतं बसायला जागा देऊ नका, उघडायला पाना द्या.

तेव्हा या शिबिरातून तीन कामं घेऊन जाऊ या. एक, आपल्या तालुक्यातल्या आयटीआयमध्ये आणि कारखान्यांत जाऊन विचारायचं, उमेदवार मुली किती, कुठल्या ट्रेडला, आणि त्यांना प्रत्यक्ष काय काम देतात. दोन, प्रत्येक उमेदवार मुलीला स्वतःची वही ठेवायला सांगायचं, रोजचं काम, तारीख, निदेशकाची सही, आणि अनुभवाचं पत्र त्या वहीशी ताडून घ्यायचं. तीन, स्वच्छतागृहाची किल्ली, परतीची गाडी आणि स्वतःच्या खात्यात विद्यावेतन, या तीन गोष्टींची मागणी गटाच्या नावाने लेखी करायची, एकट्या मुलीच्या नावाने नाही.

आता प्रश्न विचारा. त्या चौघींपैकी दोघी मागच्या रांगेत बसल्या आहेत. इंजिनाबद्दलचे प्रश्न मला नको, त्यांना विचारा.